स्पेनची बाटली आणि घरची तर्री

माझी मुलगी हर्षा वाइन चाखते, थुंकते आणि त्या कामाचा पगार घेते. हे वाक्य आमच्या कोंढा गावात कुणालाही पटत नाही. मी अड्याळच्या शाळेत जन्मभर अपूर्णांक शिकवले. ज्यांच्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं अशा पोरांच्या डोक्यातही अंश आणि छेद कोंबले. पण शेजारच्या पंचफुलाच्या डोक्यात हर्षाची नोकरी काही शिरली नाही. "नागपूरले हाटेलात दारू पाजते तुही पोरगी," एवढंच तिचं म्हणणं, आणि तेही कुंपणापलीकडून, चार बाया ऐकतील अशा आवाजात.

पंचफुलाचं सोडा. माझ्या घरातच सुमनबाई होत्या, माझ्या सासूबाई. आमच्याकडे रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जातं. पहिली चार शीलं त्या आमच्याबरोबर म्हणतात, पाचवं आलं की त्यांचा आवाज चढतो. मद्यापासून दूर राहण्याचं ते शील त्यांनी नुसतं म्हटलेलं नाही. तरुणपणी गावातल्या बाया गोळा करून त्यांनी नाल्याकाठची मोहाची भट्टी मोडली, आणि पहिलं मडकं फोडलं ते तिथं बसलेल्या आमच्या सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत. सासरे डोमाजींची दारू त्या दिवशी जी सुटली ती सुटलीच. अजूनही कुठून वास आला तर ते मान वळवतात. कुठल्या बाजूला वळवतात ते विचारू नका.

भट्टी मोडली, पण शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, मोहाचं झाड मात्र सासूबाईंनी कुणाला तोडू दिलं नाही. "झाडानं काय केलं? फूल गोडच हाय. मानसानं सडवलं," असं त्यांचं मत. चैत्रात पहाटे उठून सगळी फुलं त्या स्वतः वेचतात, म्हणजे भट्टीवाल्याच्या हाती एक पडू नये. मग ती वाळवतात, भाजतात, जवस आणि तीळ घालून कुटतात आणि लाडू वळतात. पाहुणा आला, लाडू. पोराला खोकला झाला, लाडू. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते खाते आहे. आता नुसता डबा दिसला तरी माझं पोट भरतं.

अशा घरातल्या पोरीनं हॉटेल मॅनेजमेंट करून वाइनचं काम धरलं, तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. एका सुटीत हर्षानं आजीला समोर बसवून सगळं करून दाखवलं. ग्लासात लाल सरबत घेतलं, गोल फिरवलं, नाक घातलं, घोट घेतला, तोंडात खळखळवला आणि मोरीत थुंकली.

सासूबाई बघतच राहिल्या. "थुकाचंच हाय तं तोंडात घेते कायले वो?"

"चव कळाले, आजी."

"अन् पोटात?"

"थेंब नाही जात. दिवसभर गिळत बसली तं संध्याकाळी उभी कशी राहीन मी?"

सासूबाईंनी बराच विचार केला आणि निकाल दिला. गिळलं तर शील मोडतं. थुंकलं तर बहुतेक मोडत नाही. म्हणून हर्षाला घरात परवानगी, बाटलीला नाही.

हर्षाचे बाबा धर्मेंद्र पाटबंधारे खात्यात आहेत. त्यांचा शीलापेक्षा पेन्शनवर जास्त विश्वास. त्यांनी तलाठी भरतीचं जाडजूड गाईड आणून ठेवलं होतं, आणि पोरगी घरी आली की ते तिच्या नजरेसमोर पडेल असं सरकवत राहायचे. मांजरापुढे दूध सरकवावं तसं. मांजर काही वळत नव्हतं.

मग ती स्पर्धा आली. स्पेनची वाइन आपल्याकडे आणणारी एक कंपनी देशभरातून एकालाच निवडणार, त्याला वर्षभर तिकडच्या द्राक्षमळ्यात ठेवून शिकवणार आणि परतल्यावर मोठी जागा देणार. हर्षा एकेक फेरी काढत शेवटच्या तिघांत आली. शेवटची फेरी मात्र विचित्र होती. सगळ्यांना एकच वाइन. स्पर्धकानं आपल्या घरी, आपल्या घरच्या जेवणाशी तिची जोडी जमवून दाखवायची. परीक्षक घरी येणार. म्हणजे पोरीऐवजी बाटलीचं स्थळ पाहायला पाहुणे येणार, असं म्हणा.

"येऊ दे," हर्षाचे बाबा म्हणाले. "पण हे शेवटचं. नाही जमलं तं नागपूर सोडाचं, घरी बसून तलाठ्याचा अभ्यास कराचा. कबूल?"

"कबूल," हर्षा म्हणाली. मला वाटलं होतं ती वाद घालेल. पण ती इतक्या पटकन कबूल म्हणाली की मला तिची भीतीच वाटली. आमच्या घरात दिलेला शब्द परत घेता येत नाही, हे तिला माहीत होतं.

आता बाटली घरात येणार कशी? सासूबाईंनी अटी घातल्या. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, तिथून बाटली न्यायची नाही. बोळातून, घरामागच्या वाडीत न्यायची, तिथंच उघडायची, उरलेली तिथंच ओतायची. आणि थुंकायला पितळेची पिकदाणी. ती त्यांनी चिंच लावून स्वतः घासली. एवढ्या मोठ्या तयारीत मनापासून केलेलं त्यांचं हे एकच काम.

सरावासाठी हर्षानं त्याच वाइनची एक बाटली आधी आणली. मोनास्ट्रेल नावाच्या द्राक्षाची वाइन. रंग इतका गडद की ग्लासापलीकडचं माझं बोटही दिसेना. मी पाचव्या शीलाची, मी ओठ लावला नाही. पण नाकाला कुठलंच शील बांधलेलं नाही, म्हणून वास घेतला. आधी पिकलेलं जांभूळ आलं. मग थोडा धूर, थोडं नवीन चपलेचं कातडं.

"बरोबर," हर्षा खूश झाली. "आता तोंडात काय होते सांगते. कच्चं जांभूळ खाल्लं का जिभेले कशी मिठी बसते, तशी बसते. अन् घशात जाळ, कारण हिच्यात अल्कोहोल जास्त. ही वाइन ताकदीची हाय, आई. हिच्यासमोर नाजूक जेवण ठेवलं तं ते दिसनारच नाही."

"मग ठेव आपलं मटण. तेही काही नाजूक नाही."

"मटनच ठेवतो. चरबीनं मिठी सुटते. धूर असला तं धुराले धूर भेटते. पण तिखट नको. तिखटाचा अन् हिचा जाळ एक झाला का तोंडाची होळी होते, अन् वाइन नुसती कडू लागते."

मग ती तीन रविवार नवी बाटली घेऊन नागपूरहून आली आणि वाडीत मटण शिजवत राहिली. बोकडाच्या खांद्याचं, चरबीसकट. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, जवसाचं वाटण, आणि मिरची नावाला. मातीच्या भांड्यात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर, हळू. खायचं, घोट घ्यायचा, पिकदाणीत थुंकायचं, मीठ वाढवायचं, पुन्हा. तिसऱ्या रविवारी घोट घेतल्यावर तिचे खांदे खाली आले. जोडी जमली होती. लोक पोरींच्या लग्नाला एवढी मेहनत घेत नाहीत.

सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला आणि भांड्यात डोकावून पाहिलं. मटण बदामी रंगाचं, वर काही नाही.

"हे मटन हाय का बाळंतिनीचं पथ्य हाय? तर्री कोठी हाय?"

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारं लालभडक तिखट तेल. पाहुण्याच्या ताटात ती पळीभर जास्त टाकायची, हा आमच्याकडचा मान. नुसता रस्सा वाढला तर पाहुणा जेवेल, पण गावभर सांगेल.

"आजी, तर्री चालत नाही हिच्याबरोबर."

"हिच्याबरोबर चालत नाही म्हनून मानसाले नाही वाढाची?" सासूबाईंचा आवाज पाचव्या शीलावर गेला. "माह्या लहानपनी आमच्या भाजीवर तेल दिसे ते वर्षातून एखाद्या दिवशी. दुसऱ्याच्या लग्नात आमाले शेवटी बसवत, भांड्याच्या बुडाचं वाढत. तर्री वरच्यावर संपून जाये. आज माह्या घरी तेल हाय, तिखट हाय, बोकडाचा खांदा हाय. अन् परदेशातून बाई आली तं तिले मी बुडाचं वाढू?"

हर्षानं आजीचा हात धरला. "आजी, एका दिवसापुरतं. माह्यासाठी."

"बरं बापा. मी कायले टाकतो," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या सासूबाई इतक्या लवकर बरं म्हणत नाहीत.

जानेवारीतली दुपार. धान निघून गेलेलं, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, जवसाला निळी फुलं आलेली. वाडीत आंब्याखाली टेबल मांडलं, तर जमीन उंचसखल आणि टेबल डुगडुगायला लागलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमचं अंगण वाकडंच होतं, पण पोरीला नाचता येत होतं. ती घरात गेली, तलाठी भरतीचं गाईड आणलं आणि टेबलाच्या पायाखाली सारलं. बरोब्बर बसलं. तिच्या बाबांनी ते पाहिलं, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गाडीचा आवाज आला म्हणून मिटलं. सासऱ्यांना सकाळीच अड्याळला नणंदेकडे रवाना केलं होतं. "मले वास तं घेऊ द्या," असं बिचारे बसस्टॉपपर्यंत म्हणत होते.

परीक्षक दोन. एक स्पेनच्या बाई, उंच, केस बारीक कापलेले, पायात चिखलाचे बूट घालूनच आलेल्या. दुसरे पुण्याचे गृहस्थ, दाढी कोरलेली, बोलणं मोजकं. गोव्याचा आणि बंगळुरूची असे दोन स्पर्धक त्यांनी आधीच पाहिले होते. पंचफुला कुंपणापलीकडे अंबाडीच्या काड्या निवडायला बसली. काड्या निवडून झाल्या की ती त्याच परत मिसळत होती.

हर्षानं बाटली उघडली, वाइन मोठ्या सुरईत ओतून मोकळी केली, ग्लासात घातली. दोघांनी वास घेतला, घोट घेतला आणि पिकदाणीत थुंकले. सासूबाई चुलीजवळून पाहत होत्या. या धंद्यात सगळेच थुंकतात, आपली नात खोटं बोलत नव्हती, हे त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला.

"आता ताटं," हर्षानं खूण केली. सासूबाईंनी स्वतः वाढली आणि स्वतःच आणून ठेवली. उपड्या मडक्यावर भाजलेल्या लांब रोटीची घडी, आणि वाटीत मटण.

लाल. लाल म्हणजे कसं, तर पळसाच्या फुलासारखं लालभडक, वर बोटभर तेल, त्यात सूर्य दिसत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चुलीपाशी पोचले. "आई, तर्री टाकली?"

"टाकली," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "भांड्यातच टाकली. समद्याइले पुरली पायजे ना."

म्हणजे बदामी मटणाचा एक तुकडाही उरला नव्हता. मी वळेपर्यंत उशीर झाला होता. पुण्याच्या गृहस्थांनी रोटीचा घास बुडवला, खाल्ला, आणि त्यांना उचकी लागली. घाईघाईत त्यांनी घोट घेतला. तो घोट तर आगीत तेलच ठरला. त्यांचे कान लाल झाले, कोरलेल्या दाढीतून घाम ओघळला. स्पेनच्या बाईंनी घास कसाबसा गिळला, वाइन मात्र घेतली तशी थुंकली, आणि तोंड वाकडं करून वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते वाचायला इंग्रजी येण्याची गरज नव्हती.

"वाढू का अजून?" सासूबाई पळी घेऊन उभ्या.

मला रडू यायला लागलं. खरं सांगते, त्या क्षणी मला सासूबाईंचा राग आला, कंपनीचा आला, स्वतःचा आला. हर्षाचे बाबा टेबलाच्या पायाकडे पाहत होते. गाईड तिथं होतं.

हर्षा मात्र ओरडली नाही. आजीकडे तिनं पाहिलंही नाही. परीक्षकांना ती म्हणाली, "थोडा वेळ द्या." पुण्याचे गृहस्थ घड्याळाकडे पाहून इंग्रजीत म्हणाले, "वेळ आहे तुमचा. पण जे केलंय त्यातूनच काय ते करा. नवीन स्वयंपाक नाही." मग तिनं लाल वाटीतला एक तुकडा तोंडात टाकला. चावला. डोळ्यांत पाणी आलं तरी चावत राहिली. मग वाइनचा घोट घेतला, धरून ठेवला, खूप वेळ धरून ठेवला आणि थुंकली. डोळे मिटून उभी राहिली.

नंतर तिनं मला सांगितलं ते असं. आग होती, कडूपणा होता, सगळं बिघडलेलं होतं. पण सगळं ओसरल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला एक धुरकट गोडी उरली. वाळलेल्या मनुकेची, भाजलेली. ती गोडी वाइनची होती, पण ती तिला पुस्तकातून ठाऊक नव्हती. लहानपणी खोकला झाला की खाल्लेली होती.

तिनं डोळे उघडले. "आजी, मोहाचे लाडू हायेत का?"

"हायेत तं. पन जेवनाच्या आधी लाडू?"

"आन लवकर."

सासूबाई डबा घेऊन धावल्या. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. रोटी भाजायचं मडकं चुलीवर उपडं होतं, तापलेलं. हर्षानं वाटीतले मटणाचे तुकडे काढले, झाऱ्यावर निथळले. तेल फेकलं नाही, खाली वाटीत जमू दिलं. दोन लाडू मुठीत फोडले, चुऱ्यात मीठ टाकलं, तुकडे त्यात घोळवले आणि मडक्याच्या तापल्या पाठीवर टाकले. चर्र झालं. मोह करपायला लागला, जवस तडतडला, तीळ उडाले. धूर वाडीभर पसरला. त्या धुरात मला ग्लासातला वास आला. जांभूळ सोडून बाकी सगळा.

"काय करून राहिली वो?" सासूबाईंनी विचारलं.

"तुह्या तर्रीची समजूत काढून राहिली." हर्षानं मान वर केली नाही. "गोडानं तिखट निवते. जवसाच्या तेलानं मिठी सुटते. अन् मोह... मोह तं तिचा सख्खाच हाय."

"कोनाचा?"

"बाटलीचा."

सासूबाईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी डबा जवळच उघडा ठेवला.

रोटीच्या तुकड्यावर एकेक खरपूस काळा-लाल तुकडा, वर तर्रीचे मोजके थेंब. हर्षानं ताटं पुन्हा ठेवली. ती इंग्रजीत म्हणाली, आणि ते मला नीट कळलं, कारण ती सावकाश म्हणाली, "आधी तुम्हाला वाढलं, तो आमच्या घरचा मान होता. आता वाढतेय, ती जोडी आहे. दोन्ही याच घरचं."

पुण्याच्या गृहस्थांनी घास उचलायला वेळ घेतला. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. स्पेनच्या बाईंनी मात्र लगेच खाल्ला. चावता चावता त्या थांबल्या. मग ग्लास उचलला, घोट घेतला, तोंडात फिरवला. डावा हात सवयीनं पिकदाणीकडे गेला, पिकदाणी उचलली, ओठांपर्यंत आली.

पंचफुला काड्या विसरून उभी राहिली होती.

बाईंनी पिकदाणी खाली ठेवली. त्यांचा घसा हलला.

"गिळली!" सासूबाई ओरडल्या. "माय वो, गिळली! बाईनं गिळली!"

"कोन गिळली? काय गिळलं?" कुंपणापलीकडून पंचफुला.

"दारू गिळली!" सासूबाईंनी पळी हवेत नाचवली. ज्या बाईनं गावातलं मडकं फोडलं होतं, ती बाई दुसऱ्या बाईनं घोट गिळला म्हणून आमच्या वाडीत टाळ्या वाजवत होती. मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिवसभरात कुणी न गिळलेली वाइन, जिचं कामच थुंकणं आहे तिनं गिळली, याचा अर्थ काय होतो हे त्या वाडीत सगळ्यात आधी आमच्या सासूबाईंना कळलं.

एव्हाना घोट तोंडात धरून बसलेल्या पुण्याच्या गृहस्थांनी पिकदाणीकडे पाहिलं, मग स्पेनच्या बाईंकडे, आणि हळूच तेही गिळून मोकळे झाले. मग दुसरा घास. मग तिसरा. मग "अजून मिळेल का?" हे वाक्य त्यांनी चक्क मराठीत, तोंड भरलेलं असताना म्हटलं.

"वाढतो की," सासूबाई म्हणाल्या. आता पळीभर तर्री टाकायला त्यांना कुणी अडवलं नाही, आणि त्यांनी थेंबच टाकले.

स्पेनच्या बाईंनी विचारलं, हे आधीच ठरवलं होतं का. हर्षानं खरं ते सांगितलं. तीन रविवारांची मेहनत, तर्रीशिवायचं मटण, आजीची पळी, सगळं. "मी घरचं जेवण म्हणत होते आणि त्यातून घरालाच वगळत होते," ती म्हणाली. "या जेवणात तर्री असणारच. ती काढून टाकून जोडी जमवणं सोपं होतं. आजीनं मला सोपं करू दिलं नाही."

ते दोघं बोळातून बाहेर गेले आणि गाडीपाशी उभं राहून बोलत राहिले. आम्ही वाडीत उभे. हर्षाचे बाबा आंब्याच्या बुंध्याची साल काढत होते, झाडाचं काय चुकलं होतं कोण जाणे. मग बाई एकट्याच परत आल्या. त्या सरळ सासूबाईंकडे गेल्या, त्यांचा तर्रीनं माखलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि मान वळवून हर्षाकडे पाहत एकच वाक्य बोलल्या.

"काय म्हनते वो?" सासूबाईंनी विचारलं.

हर्षानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. शेवटी मीच सांगितलं. एवढं इंग्रजी मला येतं. "द्राक्षं भाद्रपदात तोडतात म्हणे. तोवर तयार राहा, असं म्हणाल्या."

हर्षाच्या बाबांनी लेकीला आधी जवळ घेतलं नाही. त्यांनी वाकून टेबलाच्या पायाखालचं गाईड जरा आत ढकललं, नीट बसवलं आणि टेबल हलवून पाहिलं. हललं नाही. "राहू दे तिथंच," ते म्हणाले, आणि मग त्यांना हुंदका आला.

संध्याकाळपर्यंत पंचफुलानं बातमी गावभर केली. तिच्या सांगण्याप्रमाणे हर्षानं स्पेनच्या बाईला अशी काही दारू पाजली की बाईनं तिला थेट परदेशातच नेलं. मी दुरुस्त करायला गेले नाही. अपूर्णांकही कधीकधी तसेच सोडून द्यावे लागतात. सासरे अड्याळहून परतले, वाडीत उभं राहून त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि विचारलं, "काहीच नाही ठेवलं का?" त्यांना मोहाचा लाडू मिळाला.

भाद्रपदात ती निघाली. नागपूरला जाणारी गाडी कोंढ्याच्या फाट्यावर उभी होती. सगळे होते, पंचफुलासुद्धा, आणि ती इतर बायांना सांगत होती, "आमची हर्षा चाखते फक्त. थेंब नाही घेत पोटात." मी तिच्याकडे पाहिलं, तर ती शिंकल्यासारखं करून दुसरीकडे पाहायला लागली.

सासूबाईंनी डबा पुढं केला. मोहाचे लाडू, नवीन, त्या चैत्रातल्या फुलांचे. "तिकडच्या लोकाइले चारजो," त्या म्हणाल्या. "म्हनजो, आमच्या धुऱ्यावरचं झाड हाय. सडवाची गरज नाही पडत."

"सांगीन, आजी."

हर्षा त्यांच्या पाया पडली. सासूबाईंनी तिला उठवलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि चारचौघांत, गावाच्या फाट्यावर, पाचव्या शीलाच्या आवाजात म्हणाल्या,

"जाय माह्या पोरी. समद्या जगाले गिळाले लाव. तू मात्र थुकत जाजो."